बाथरूमच्या टाइल्स, ग्राउट (टाइल्समधल्या फटी भरणं) स्वतः केलंय का? अनुभव लिहा

मंडळी, आमच्या शॉवरच्या टाइल्स काढून नवीन बसवायच्यात आणि या वेळी काम स्वतःच करायचं ठरवलंय. पुण्यातली जुनी बिल्डिंग आहे, खाली शेजारी राहतात, म्हणून गळतीची काळजी जास्त. टाइल चिकटवायचे व्हिडिओ ढीगभर आहेत पण टाइलच्या मागे आणि खाली काय करायचं ते कुणी धड दाखवत नाही. ज्यांनी स्वतः केलंय किंवा मिस्त्रीच्या हाताखाली राहून केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, कुठल्याही देशातलं चालेल.

एडिसन, न्यू जर्सी
इकडे मजुरी परवडत नाही म्हणून बरेच जण स्वतःच करतात. आमचं घर लाकडी फ्रेमचं, जुन्या टाइल्स काढल्या तर मागे साधा ड्रायवॉल (जिप्समचा पातळ बोर्ड), ओल लागून पार भुसभुशीत झालेला. तो सगळा काढून सिमेंट बोर्ड लावला. आता हे नीट वाचा, सिमेंट बोर्ड पाण्याने कुजत नाही पण पाणी अडवतही नाही, त्यावर वॉटरप्रूफिंग पाहिजेच. मी ब्रशने लावायचं लिक्विड मेंब्रेन (वाळल्यावर पाणी अडवणारा थर) घेतलं, दोन कोट, आणि कोपरे नि बोर्डांचे जोड यांवर जाळीची पट्टी दाबून बसवली. खाली ढाळ फुटाला पाव इंच, सगळीकडून ड्रेनकडे. मेंब्रेन पूर्ण वाळल्यावर ड्रेनला प्लग लावून उंबऱ्याच्या थोडं खाली येईल इतकं पाणी भरलं, पातळीवर पेन्सिलने खूण केली आणि 24 तास तसंच ठेवलं, मधेमधे खालच्या खोलीत जाऊन छत बघत होतो. खूण जागेवर राहिली तेव्हाच टाइल्सचा बॉक्स उघडला. सगळ्यात जास्त वेळ याच सगळ्यात गेला, टाइल्स त्या मानाने पटापट लागल्या.

नाशिक
मी आमच्या मिस्त्रीकाकांच्या हाताखाली शिकले, नंतर वरच्या बाथरूमच्या भिंती आम्ही नवरा-बायकोने केल्या. आपल्याकडे विटांची भिंत नि सिमेंटचा गिलावा असतो त्यामुळे बोर्डाची भानगड नाही, पण ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते आधी बघायचं. व्हिट्रिफाइड (जास्त तापमानाला घट्ट भाजलेली) टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, म्हणून साधं सिमेंट तिला नीट धरत नाही, नंतर टकटक केलं की पोकळ आवाज येतो. सिरॅमिकच्या टाइल्स भिजत घालून सिमेंटवर लावतात ते त्यांना चालतं, व्हिट्रिफाइडला अॅढेसिव्हच (टाइल चिकटवायची तयार पावडर) घ्या, गोणीवर आयएस 15477 (त्याचं भारतीय मानक) लिहिलंय ना बघा. आधी पाणी मग पावडर, श्रीखंडाइतकं घट्ट कालवायचं, पाच-दहा मिनिटं ठेवून परत ढवळायचं आणि मग वरून पाणी अजिबात घालायचं नाही. दातेरी पत्र्याने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, टाइल दाबायची, आणि अधूनमधून एखादी लगेच उचलून मागची बाजू पूर्ण भरली का ते बघायचं. काका तर प्रत्येक रांगेत एक तरी उचलायला लावायचे, त्यांचं काम इतक्या वर्षांनीही घट्ट आहे ते उगीच नाही.

आणि पुणेकर दादा, तुमचं जमिनीचं काम वेगळं आहे. बाथरूमचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असला तर त्यात कोबा (विटांचे तुकडे नि सिमेंटचा भराव) असतो, फरशी फोडताना जुनं वॉटरप्रूफिंग शाबूत राहील असं धरूच नका. ते नव्याने करा, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतून पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवती जास्त लक्ष द्या, पाणी भरून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून त्यांचं छत बघून या.

मँचेस्टर
यूकेत असाल तर वजन बघा. जिप्समचा गिलावा चौरस मीटरला 20 किलो पेलतो, नुसता प्लास्टरबोर्ड (अमेरिकेतला ड्रायवॉल तोच) 32, आणि त्यात अॅढेसिव्ह नि ग्राउटही धरायचं. मोठ्या जाड टाइल्स आवडल्या होत्या पण हिशोब करून सोडल्या. जिप्समवर सिमेंटचं अॅढेसिव्ह थेट लावायचं नाही, मधे प्रायमर हवा, नाहीतर दोघांची रिअॅक्शन होऊन टाइल सुटते.

नागपूर
माझं फक्त ग्राउटचं काम होतं. सांध्यातलं काळं पडलेलं व्हाइट सिमेंट खरवडून काढलं, व्हॅक्यूम केलं, पूर्ण वाळू दिलं आणि इपॉक्सी (रेझिनचं ग्राउट) भरलं. इपॉक्सी महाग आहे पण डाग धरत नाही. थोडं थोडंच कालवा, उन्हाळ्यात तर फारच लवकर घट्ट होतं, आणि भरलं की लगेच ओल्या स्पंजने तिरकं पुसत जा म्हणजे सांध्यातला माल निघून येत नाही. टाइलवर वाळलं तर काढताना जीव जातो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात आणि भिंत-जमीन जोडावर मात्र ग्राउट नको, तिथे सिलिकॉन, कारण हलणाऱ्या जागी ग्राउटला तडा जातोच.

पुणे (धागाकर्ता)
नाशिकच्या ताई, खूप आभार, खालच्या काकूंशी आजच बोललो, छत बघू देतायत. नागपूरकर, जुनं सिलिकॉन काढायला काय वापरलंत?

नागपूर
ब्लेडने कापून, उरलेलं स्पिरिटने पुसून. जुन्यावर नवीन चिकटत नाही, पूर्ण काढा.