बचावातले चौघे पास आऊट, यंदा इंटरकॉलेजला आमचं काय खरं?

टिळकवाडी_टचलाईन
नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजच्या फुटबॉल टीमबद्दल विचारतोय. गेल्या मोसमात सेमीफायनलला पेनल्टीवर हरले. यंदा दोन्ही स्टॉपर (मधले बचावपटू), कीपर आणि त्यांच्यापुढे खेळणारा डिफेन्सिव्ह हाफ असे चौघेही पास आऊट झालेत. पुढची फळी मात्र तीच आहे, त्यातला लेफ्ट विंगर कोल्हापुरात तालमीकडून (तिथल्या स्थानिक क्लबकडून) खेळतो. पीयूसीतून (बारावीतून) आठ नवी पोरं आलीत, पायात बॉल चांगला आहे, पण बहुतेक टर्फवर (कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर) पाच-पाच जणांत खेळून तयार झालेली. इंटरकॉलेजला सहा-सात आठवडे आहेत, प्रॅक्टिस लाल मातीत, सध्या चिखलच. आजवर ४-३-३ (चार बचावात, तीन मध्ये, तीन पुढे) खेळत आलेत. कुठवर जातील, आणि आधी कशावर काम करावं?

सडेतोड_स्टॉपर
पुढची फळी बघून कोण खूश होत असेल तर थांबवा त्याला. नॉकआऊट स्पर्धा आहे, लीग नाही. एक गोल कमी मारला तर पेनल्टीपर्यंत तरी जाता येतं, एक जास्त खाल्ला की सरळ घरी.

नव्या स्टॉपरना घेऊन ४-३-३ मध्ये बचावाची लाईन वर चढवू नका. बाजूचे दोन्ही बॅक पुढे गेले की मागे दोघेच उरतात आणि समोरून एक लांब बॉल आला की खेळ खलास. ऑफसाईड ट्रॅप (बचावाने एकदम पुढे सरकून समोरच्याला ऑफसाईड पकडणं) सहा आठवड्यांत बसत नाही. चौघांपैकी एक जण अर्धा सेकंद उशिरा निघाला तरी पुरे, समोरचा एकटाच कीपरपुढे.

४-२-३-१ लावा. दोन हाफ बचावापुढे, त्यातला एक जागचा हलायचा नाही. बचाव आणि हाफ यांच्यात १०-१२ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, पहिल्या स्टॉपरपासून सेंटर फॉरवर्डपर्यंत सगळी टीम ३५ मीटरच्या आत. प्रॅक्टिसला मैदानावर चुन्याच्या दोन आडव्या रेघा मारा, म्हणजे पोरांना डोळ्यांनी दिसतं.

टर्फवरच्या पोरांची खोड वेगळीच. त्यांना जवळचा पास आणि पायाने बॉल थांबवणं जमतं, पण उंच बॉलचा अंदाज येत नाही, कारण टर्फवर जाळी असते आणि बॉल उंच जातच नाही. रोज १५ मिनिटं अर्ध्या लाईनवरून उंच बॉल टाका. पहिला उडी मारेल, दुसऱ्याने पाच-सहा मीटर मागे सरकून कव्हर द्यायचं. दोघे एकाच बॉलला गेले की शिट्टी.

आणि चिखलात मधून कीपरला बॅकपास बंद. बॉल डबक्यात अडतो आणि समोरच्याचा फॉरवर्ड तिथंच टपून असतो. द्यायचाच तर गोलच्या रुंदीबाहेर द्या, नाहीतर सरळ टचबाहेर.

ग्लोव्ह्ज_ओले_ठेवा
स्टॉपरचं वरती आलंच आहे, मी कीपरचं सांगतो. तुमचा मोसम त्याच्याच हातात आहे.

त्याला सगळ्यांबरोबर पळवून शेवटी दहा शॉट मारण्यात अर्थ नाही. आठवड्यातून चार दिवस २५ मिनिटं वेगळी द्या. बॉल बादलीत बुडवून मारा. ओला बॉल छातीजवळ घ्यायचा, मागे अंग किंवा गुडघा पाहिजेच. गर्दीतला बॉल धरण्यापेक्षा दोन मुठींनी बाजूला ठोकायचा. ग्लोव्ह्जचं लेटेक्स कोरडं असलं की पकड कमी होते, सामन्याआधी पाण्याने भिजवून घ्या. चिखल लागला तर अंगावर पुसू नका, गोलमागे पाण्याची बाटली ठेवा.

नवा नियम पोरांना माहीत नसतो: २०२५ च्या जुलैपासून कीपरने बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर. रेफ्री शेवटचे पाच सेकंद हात वर करून मोजतो. आघाडी असताना वेळ काढायची जुनी सवय आता अंगलट येते.

पेनल्टी रोज मारून घ्या, पण प्रॅक्टिसच्या शेवटी, पाय जड झाल्यावर. सामना संपताना मैदानात असतात तेच मारू शकतात, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत बदल करताना कोणाला बाहेर काढताय ते बघा. पाच नव्हे, आठ जणांचा क्रम आधीच ठरवा.

खानापूर_रोड_एक्स्प्रेस
विंगरबद्दल. कोल्हापूरचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो, म्हणजे तारखा बहुधा भिडणार नाहीत. उलट तो एवढे दिवस बसून आलेला असेल. पहिल्याच आठवड्यात स्प्रिंट मारायला लावलं तर मांडी धरून बसेल. आधी दोन आठवडे वाढत्या वेगाच्या धावा, मग पूर्ण वेग.

सगळ्यांना फिफा इलेव्हन प्लस लावा, २० मिनिटांचं वॉर्मअप आहे: ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद-तोल-उड्या, २ मिनिटं वेगात धावणं. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यावर बसून हळूहळू पुढे झुकायचा, मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम) कोणी चुकवू देऊ नका. सुरुवातीला ३ ते ५ वेळाच, दोन-तीन आठवड्यांनी ७ ते १०. पहिल्याच दिवशी १५ केले की दुसऱ्या दिवशी पोरांना जिना उतरता येत नाही आणि मग कोण करतच नाही. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा, तीन-चार दिवसांत तीन-चार सामने खेळायचे असतात.

बुटांचे दोन जोड लागतील. चिखलाला लांब स्टडचे. पावसाने उघडीप दिली की आपली लाल माती चार दिवसांत दगड होते, तिथं लांब स्टड घातले की घोटा मुरगळलाच, मोल्डेडच (आखूड, पक्क्या स्टडचे) पाहिजेत. टर्फचे बूट चिखलात निरुपयोगी.

फाईलवाला
एवढं सगळं करून पोरगा कागदावर अडकतो. आठही नव्या पोरांचे एलिजिबिलिटी फॉर्म, पीयूसीचं मार्कशीट, जन्मतारखेचा दाखला आणि ॲडमिशनची पावती आत्ताच गोळा करा. कोणाची ॲडमिशन उशिरा पक्की होणार असेल तर त्याच्या भरवशावर टीम बांधू नका. शिन गार्ड नसले तर रेफ्री उभा करत नाही, जादा दोन जोड किटमध्ये टाका.

टिळकवाडी_टचलाईन
आभारी आहे सगळ्यांचा. एकच विचारतो: जुना राईट बॅक उंच आहे, हेडरही बरा आहे. त्याला स्टॉपर करायचं का?

सडेतोड_स्टॉपर
करा की. पण उजवीकडचा स्टॉपर करा, त्याला तिकडचं वळण माहीत आहे. नव्या पोरांपैकी सगळ्यात वेगवान पोरगा त्याच्या जागी राईट बॅकला. निपाणी किंवा खानापूरकडच्या टीमशी दोन फ्रेंडली लावा आणि दोन्हींत हीच चौकडी पूर्ण वेळ ठेवा, गोल खाल्ले तरी बदलू नका. क्वार्टरफायनल धरून चाला. त्यापुढचं कीपर ठरवेल, आणि ड्रॉमध्ये कोणाशी गाठ पडते ते.