सिम्युलेटरमधलं विमान कायम नवंकोरं का? (चर्चा)

सोनेगाव_फायनल
घरच्या सिम्युलेटरात ढग आले, धावपट्टीवरचे रबराचे डाग आले. पण पंधरा वर्षं जुन्या विमानाची लिव्हरी (रंगसंगती) लावली तरी ते इंधन खातं कालच कारखान्यातून निघाल्यासारखं. खऱ्या विमानात धुळीने कॉम्प्रेसरची पाती झिजतात, पात्यांची टोकं आणि केसिंग यांच्यातली फट वाढते, मग तेवढ्याच जोरासाठी जास्त इंधन जाळावं लागतं. त्यात दारांची सैल सीलं, पोचे, नीट न बसलेले फ्लॅप यांचा ड्रॅग (हवेचा अडथळा) वेगळा. एअरबसच्या एमसीडीयूत (कॉकपिटमधल्या फ्लाईट कॉम्प्युटरच्या कीबोर्ड-पडद्यात) परफ फॅक्टर, म्हणजे झिजीचा टक्का भरायची जागा, असते ती याचसाठी. पैसे मोजून घेतलेल्या अ‍ॅड-ऑनमध्ये (सिमला जोडायच्या विमानात) प्रत्येक रजिस्ट्रेशनला, म्हणजे नोंदणी क्रमांकाला, स्वतःचं वय हवंच. नसेल तर 'स्टडी लेव्हल' (खऱ्या विमानाइतकं बारकाईचं) म्हणून विकू नका.

धरमपेठ३२०
भाऊ, हिशेब करा ना. नागपूर-मुंबईला ए३२० चं ट्रिप फ्युएल (प्रवासात जळणारं इंधन) तीन टनांच्या आसपास. इंजिन चार टक्के जास्त खातंय असं धरा, झाले १२० किलो. मुंबईला उतरायची वाट बघत होल्डमध्ये तीन-चार मिनिटं घिरट्या घातल्या की तेवढं उडतं. आणि पाच टक्के कंटिंजन्सी (जादा राखीव इंधन) घेता ती कशाला? एवढीच हौस असेल तर सिमब्रीफमध्ये (उड्डाणाचा प्लॅन करणाऱ्या साईटवर) फ्युएल फॅक्टर चार टक्के वाढवा, काम झालं.

सोनेगाव_फायनल
त्याने फक्त कागद म्हातारा होतो, विमान नाही! प्लॅन जास्त मागणार, इंजिन पुस्तकाप्रमाणेच खाणार, आणि मी दर वेळी टाकीत जास्तीचं घेऊन उतरणार.
कंटिंजन्सी आयत्या वेळच्या गोष्टींसाठी असते. जे आधीच माहीत आहे ते ट्रिप फ्युएलमध्येच धरायचं. दोह्याला जाऊन बघा, दहाएक टनांचा प्रवास. तिथे चार टक्के म्हणजे ४०० किलो, म्हणजे जवळजवळ सगळी कंटिंजन्सी, आणि खाली अरबी समुद्र.

बुटीबोरी_नाईटशिफ्ट
दिवसभर कंपनीत मशीनचं मेंटेनन्स करायचं, घरी येऊन पुन्हा मेंटेनन्स? काऊन बे? मला संध्याकाळी एक टेकऑफ, एक लँडिंग पाहिजे. विषय संपला.

रनवे_१४
मी विमानदुरुस्तीत आहे, म्हणून दोन शब्द. तुम्ही सगळे टक्केवारीवर भांडताय. झीज सरळ रेषेत वाढत नाही. इंजिन वॉश झाला (आतून धुतलं) की कामगिरी थोडी सुधारते, पुन्हा घसरते, ओव्हरहॉल झालं की बरीचशी वर येते. 'वय पंधरा, म्हणून चार टक्के' असं कुठेच नसतं.
आणि झीज बघायची असेल तर इंधनाच्या गेजवर कमी, ईजीटीवर (एक्झॉस्ट वायूच्या तापमानावर) जास्त बघा. नागपूर हजार फुटांवर, म्हणजे प्रमाण तापमान १३ अंश. अशी इंजिनं साधारण त्याच्या १५ अंश वरपर्यंत, म्हणजे २८ पर्यंत, पूर्ण जोर देतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५. फ्लेक्सला (कमी जोरावर टेकऑफ करायला) जागा कमी, त्यामुळे इंजिन तापूनच उडतं. नव्याची ईजीटी लाल रेषेच्या बरीच खाली थांबते, थकलेल्याची पार जवळ जाते. ते मार्जिन संपत आलं की इंजिन पंखावरून उतरवतात. सिममध्ये लाईव्ह वेदर लावून मे महिन्यात धावपट्टी ३२ वरून उडा, रजिस्ट्रेशन कोणतंही घ्या. ईजीटी तीच. मला तरी ते इंधनापेक्षा जास्त खटकतं.

धरमपेठ३२०
हे पटलं. पण आकडे आणायचे कुठून? कोणती एअरलाईन आपल्या एकेका विमानाची मोजणी बाहेर देते? डेव्हलपर रँडम आकडा टाकणार आणि आपण त्याला वास्तव म्हणणार. त्यापेक्षा वरच्या वाऱ्याचा अंदाज दहा नॉटने चुकला तरी दोह्यापर्यंत मोठा फरक पडतो. आधी ते नीट करा म्हणावं.

सोनेगाव_फायनल
रँडम असू द्या, पण त्या विमानाला कायमचा चिकटलेला असू द्या. वेपॉइंटला (मार्गावरच्या ठरलेल्या बिंदूला) ओएफपीवरचं, म्हणजे प्लॅनच्या कागदावरचं, इंधन आणि गेजवरचं इंधन ताडून बघतो आपण. विमान जर पुस्तकातलंच असेल तर ते ताडणं म्हणजे नुसता टिकमार्क. फरक वाऱ्यामुळे की विमानामुळे, हा प्रश्नच पडत नाही. ए२ए कंपनीच्या कोमांची अ‍ॅड-ऑनमध्ये बघा: प्लग काळे होतात, कॉम्प्रेशन मोजता येतं, आज इंजिन कसं वापरलं ते पुढच्या उड्डाणात निघतं. पिस्टनच्या छोट्या विमानात जमलं, जेटमध्ये का नाही?

बुटीबोरी_नाईटशिफ्ट
बंद करायचं बटण ठेवा म्हणजे झालं.

रनवे_१४
एक राहिलंच. झीज रजिस्ट्रेशनला चिकटवू नका, इंजिनाच्या सिरीयल नंबरला चिकटवा. इंजिनं एका विमानावरून दुसऱ्यावर जातात. डावं नुकतंच शॉपमधून आलेलं, उजवं हजारो तास चाललेलं, असं नेहमीचं. एन१ (पंख्याचा वेग) सारखं ठेवलं तरी दोघांचं फ्युएल फ्लो आणि ईजीटी वेगळं दिसतं. एअरफ्रेमचा ड्रॅग तेवढा रजिस्ट्रेशनवर ठेवा.

धरमपेठ३२०
म्हणजे आता दोन्ही इंजिनांची वेगवेगळी कुंडली मांडायची?

सोनेगाव_फायनल
मांडायची! रनवे_१४ भाऊ, इंजिन वॉशने ईजीटी साधारण किती उतरते तेवढं सांगा, सेव्ह फाईलचा आराखडा मी रविवारी करायला घेतो.