मदत हवी आहे: युनिव्हर्सिटीच्या सर्टिफिकेटवर व्हिसा होते का? (अर्जंट)

खामलाकर:
मॉडर्न लँग्वेज डिपार्टमेंटच्या सर्टिफिकेट कोर्सचे ॲडमिशन सुरू झाले म्हणे, नोटीस ग्रुपवर फिरून राहिली. बहिणीला टाकायचं आहे. ते सर्टिफिकेट व्हिसाला चालते का एवढंच सांगा, गूगल कर म्हणू नका, सकाळपासून तेच करून राहिलो.

बर्डीचा_पोट्टा:
कोणती भाषा भाऊ? कोणता देश?

खामलाकर:
जर्मनच ना, दुसरं काय.

निप्पॉन_नागपूर:
जर्मन काऊन? जपानी घ्या. जेएलपीटीत, म्हणजे त्यांच्या भाषेच्या परीक्षेत, बोलायची परीक्षाच नसते, नुसते ऑप्शन निवडायचे. वर्षातून दोनदा होते, जुलै आणि डिसेंबर.

बर्डीचा_पोट्टा:
बाप्पा, त्यांची बहीण जर्मनीला चालली न् तुम्ही जपानी काय शिकवता. खामलाकर, जाऊन कशाला राहिली? शिकायला, नोकरीला का नवऱ्याकडे?

खामलाकर:
नवऱ्याकडे. आत्ताच लग्न झालं. सांगितलं नव्हतं का?

जुनी_विद्यार्थिनी:
नाही सांगितलं. स्पाउस व्हिसाला ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली लेव्हल, लागते, आणि ते गोएथे, टेल्क अशा मान्य संस्थांचंच. डिपार्टमेंटचं सर्टिफिकेट तिथं चालत नाही. वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं असे चार भाग, 100 पैकी 60 ला पास. बोलायची परीक्षा ग्रुपमध्ये होते, लाजरी असेल तर आत्तापासून बोलतं करा. पुण्या-मुंबईला मॅक्सम्युलर भवन आहे, ते गोएथेचंच.

अभ्यंकरनगरी:
म्हणजे युनिव्हर्सिटीचं फालतू? आमच्या पोरीनं तिथूनच केलं, व्याकरण एकदम पक्कं झालं.

जुनी_विद्यार्थिनी:
फालतू कोण म्हणालं काका? मीही तिथलीच. शिका तिथं, परीक्षा बाहेर द्या. पण तो कोर्स कॉलेजच्या कॅलेंडरनं चालते, हिला घाई असेल तर जमणार नाही.

तर्रीप्रेमी:
पुण्याला जाणार असाल तर गरीबरथ बघा, एका रात्रीत पुणं. रोज नसते मात्र.

बर्डीचा_पोट्टा:
तिकीट कोणी विचारलं बे?

जुनी_विद्यार्थिनी:
खामलाकर, मेन गोष्ट राहिली. जवायाकडे परमिट कोणतं आहे? ईयू ब्लू कार्ड (जास्त शिकलेल्या नोकरदारांना मिळते ते परमिट) असेल तर बायकोला व्हिसासाठी ए-वन लागतच नाही. कार्डावर ‘ब्लाउए कार्टे ईयू’ असं लिहिलेलं असते, फोटो मागवा.

खामलाकर:
आयटीत आहे तो, एवढंच माहीत आहे. तिकडे अजून पहाट आहे, उठला की विचारतो. तोवर ॲडमिशनच्या फॉर्मची लिंक कोणाकडे असेल तर टाका ना.