मॉर्गन डॉलर : डोक्यावर नेमकं काय आहे आणि अस्सल कसा ओळखायचा?

परभणी_नाणी : १८८४ चा अमेरिकन चांदीचा डॉलर आहे. एका अंगाला टोपीवाली बाई, दुसऱ्या अंगाला गरुड, त्याच्या खाली बारीक ‘ओ’. बाई म्हणजे न्यूयॉर्कचा पुतळाच का? कानावरचे केस सपाट आहेत, ती झीज समजायची का? लोहचुंबक चिकटत नाही, एवढं पुरेसं आहे का? आणि चिंचेनं उजळला तर चालेल?

बोंडअळी : पुतळा नव्हे. तो १८८६ मध्ये उभा राहिला, हे नाणं १८७८ पासूनचं. देवता तीच, स्वातंत्र्याची. कोरणारा जॉर्ज मॉर्गन इंग्लंडहून आलेला. चेहऱ्यासाठी त्यानं फिलाडेल्फियाच्या ॲना विल्यम्सला समोर बसवलं होतं. मानेच्या कापावर त्याचा बारीक ‘एम’ सापडेल. टोपी रोमची आठवण आहे, तिथं गुलामाला मोकळं करताना टोपी द्यायचे. आता टोपीच्या पुढं बघा : गव्हाच्या ओंब्या आणि उमललेली कापसाची बोंडं. परभणीत बोंड ओळखायला भिंग लागू नये! गहू उत्तरेचा, कापूस दक्षिणेचा, असा अर्थ लावतात. उत्तर-दक्षिण यादवी संपून तेव्हा १३च वर्षं झाली होती. कडेच्या चांदण्याही १३, मूळ वसाहतींच्या. गरुडाच्या एका पंजात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात बाण, तोंड फांदीकडं.

तोळामासा : चुंबकावर जाऊ नका. तांबं, पितळ, शिसं, काहीच चिकटत नाही. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर हवा. निजामाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, म्हणजे हे त्याच्या दुपटीहून जड. चांदी ९० टक्के, बाकी तांबं.

खरी परीक्षा पाण्याची. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा २.६ च्या आसपास दाखवेल. मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं तेवढ्याच वजनाचं असेल तर ३ दाखवेल. अंगाला बुडबुडे चिकटले तर आकडा उगाच वाढतो आणि चांगलं नाणं खोटं ठरतं, म्हणून आधी ओल्या बोटानं पुसून घ्या.

शिवाय बाईचं डोकं वर धरून नाणं वरून खाली उलटवा, गरुड सरळ दिसला पाहिजे. बाजूनं उलटवल्यावर सरळ दिसला तर संशय घ्या.

जुनीनाणी_नांदेड : ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ. तिथं ठसा बऱ्याचदा हलका बसायचा, त्यामुळं कानावरचे केस आणि गरुडाची छाती नाणं कोरं असतानाही सपाट. उजेडात नाणं तिरकं फिरवा : सपाट जागेवरूनही चमक सलग फिरली तर ठसा कच्चा, तिथंच थांबून मळकट करडी दिसली तर झीज. १८८४ चे ‘ओ’ ९७ लाखांवर पाडले, तेव्हा दुर्मिळ म्हणून कुणी भाव फुगवला तर हसून सोडा. ‘सीसी’, म्हणजे कार्सन सिटीची टांकसाळ, असतं तर गोष्ट वेगळी. पण ते अक्षर मागून चिकटवतातही, मुळाशी सांधा दिसतो का ते भिंगानं बघायचं.

चिंच, रांगोळी, पितळ उजळायची पावडर यातलं काहीही नको. आम्ल आणि घासण दोन्हीनं वरची चमक जाते, ती परत येत नाही, आणि जाणकार बारीक ओरखडे पाहूनच भाव पाडतो. काळपटपणा राहू द्या.

परभणी_नाणी : वजन २६.६९, पाण्यात २.६. चमक कानावरूनही सलग फिरते. चिंच आमटीत गेली.