लग्नापासून घरात, शिक्षण दहावी: आधी पगार की आधी बारावी?

अशोकचौकवाली
वय ३९. बारावी अर्ध्यात सोडून लग्न झालं. मोठी आता अकरावीत, धाकटा पाचवीत. मागच्या आठवड्यात सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात विचारायला गेले. पहिला प्रश्न, "मशीन येतं का?" नाही येत. "आधी कुठं काम केलंय?" नाही केलं. मग म्हणाले, "हेल्पर म्हणून या, धागे कापायचे, दिवसाला अडीचशे."

नणंद म्हणते, १७ नंबरचा फॉर्म (कॉलेजात न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) भर, बारावी हो, मग बघ. मला तसं वाटत नाही. मी आत्ताच जाणार. इतकी वर्षं सासूबाईंच्या पायावर घातलेल्या उशीपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं मी बघितलं, पण चप्पल घ्यायची तरी यांना विचारावं लागतं. ते आता मला सोसत नाही. तुमचं मत सांगा, पटलं नाही तरी चालेल.

दमाणीनगर_ताई
नणंद बरोबर बोलतेय. माझ्या जावेने हेच केलं. "आधी चार पैसे येऊ देत" म्हणत दहा वर्षं गेली. अंगणवाडी मदतनीसची जागा निघाली, तर आता तिथंही बारावी लागते. पूर्वी कमी शिक्षणावर घ्यायचे. ती घरी येऊन रडली. बाई दिवसभर उभी राहून आली की रात्री पुस्तक उघडत नाही हो, मी डोळ्यांनी बघितलंय.

अशोकचौकवाली
ताई, अंगणवाडीची वयोमर्यादा ३५ आहे, मी त्याच्या पुढे गेले. बारावी झाले तरी ते दार माझ्यासाठी बंदच. मग कोणत्या नोकरीसाठी थांबू?

विडीवालीची_लेक
मी दोघींच्याही विरोधात आहे.

माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, रोज हजार विड्या पुऱ्या करायच्या. कारखान्यात माल दिला की खराब म्हणून काही बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. तिला कुणी सर्टिफिकेट विचारलं नाही, पण पस्तीस वर्षांत ती हजार विड्यांच्या पुढंही गेली नाही. धागे कापणं तसंच आहे. हेल्पर म्हणून शिरलेली बाई हेल्पर म्हणूनच बाहेर पडते.

पण एक सांगते. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं २००६ मध्ये झाली. ती मार्कशीट बघून मिळाली नाहीत. बायका वर्षानुवर्षं एकत्र येऊन भांडल्या म्हणून मिळाली. त्यामुळे कागद नसला की सगळं संपलं, हे मला मान्य नाही. तुम्ही मशीन शिका. दोन-तीन महिने क्लास लावा, ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणं), काज-बटण शिका आणि मग त्याच दारात कारागीर म्हणून जा. पीसवर काम मिळेल, अडीचशेवर थांबणार नाही.

साखरपेठेतला_एक
वहिनी, बाहेर कशाला जाता? आपल्या सोलापूरची कडक भाकरी, शेंगाचटणी पुण्यापर्यंत जाते. घरबसल्या करा, मुलांकडेही लक्ष राहील. अन्नपरवान्याची छोट्या धंद्याची नोंदणीही फार महाग नाही.

अशोकचौकवाली
दादा, तुम्ही चांगल्या मनाने सांगताय, पण घरातल्या बाईला सगळे चटणीच सांगतात. घरबसल्या म्हणजे खलबत्ता वाजत असताना पाहुणे आले की चहा, मुलगा आला की डबा, लाइट गेली की ऑर्डर उद्यावर. आणि मिळालेले पैसे किराण्यात जातात, कोण कमावतंय ते कळतच नाही. मला उंबऱ्याबाहेर जायचंय. नऊ ते सहा माझं नाव हजेरीवर हवंय.

दमाणीनगर_ताई
हजेरीवर नाव म्हणताय ना, मग जाण्याआधी एक तपासा. माझ्या जावेला रोख पगार होता, चार वर्षांत एक रुपया पीएफ नाही.

शिवणयुनिटवाला
माझं छोटं युनिट आहे, म्हणून बोलतो. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो, दहा असली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा (पगार २१ हजारांपर्यंत). पहिल्याच दिवशी विचारा. उडवाउडवी झाली तर तिथं राहू नका.

विडीवालीच्या लेकीचं अर्धं पटलं, अर्धं नाही. क्लास लावून आलेल्या बाईला सरळ शिलाई येते, पण शंभर शर्टांच्या कॉलरला एक मापात हात बसत नाही. तो कारखान्यातच बसतो. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर चिंध्या शिवून कारागीर झालेल्या दोघी माझ्याकडे आहेत. एकीला पाच महिने लागले. मात्र मालकाने मशीनला हात लावू दिला पाहिजे, आणि सगळे लावू देत नाहीत. हे आधी बोलून घ्या. "मी घरीच होते" असं मान खाली घालून सांगू नका. सहा माणसांचं घर वेळेवर चालवणारी बाई खाडे कमी करते, हा माझा अनुभव आहे.

विडीवालीची_लेक
कारखान्यात शिकता येतं, हे मान्य. पण "हात लावू दिला पाहिजे" यातच सगळं अडतं. माझ्या आईला पस्तीस वर्षांत कुणी दुसरं काही शिकवलं नाही.

अशोकचौकवाली
सोमवारी जाते. पीएफ आणि मशीन, दोन्ही तोंडावर विचारणार. "नाही" म्हणाले तर परत येते आणि क्लास लावते. बारावीचं म्हणाल तर पुढच्या वर्षी मोठी बारावीला बसेल, तिची पुस्तकं घरात असतीलच. फॉर्मचं तेव्हा बघू.

दमाणीनगर_ताई
"तेव्हा बघू" माझी जाऊही म्हणायची. फॉर्म लेकीबरोबरच भरा, एवढीच विनंती.