मदत हवी आहे: कॅसेटवरून उतरवलेल्या जुन्या फाइल्स, फ्लॅक करू, एमपीथ्री करू की आहे तसंच ठेवू?

हळदीगाव:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण वाचून सांगाच.

आमचे सासरे (अण्णा, वय ८४) गाण्याचे वेडे. टेपरेकॉर्डर काखोटीला मारून मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला जायचे, देवळातली कीर्तनं, कुणाकुणाच्या घरच्या बैठका, जे मिळेल ते रेकॉर्ड करायचे. २००७ च्या सुमारास दिरांनी त्यातल्या बऱ्याच कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. मूळ कॅसेट सांगलीच्या गावभागातल्या घरी तळमजल्याच्या कपाटात होत्या, त्या २०१९ च्या पुरात गेल्या. रिळांत गाळ बसला. हार्ड डिस्क इकडे विश्रामबागला होती म्हणून वाचली. म्हणजे आता जे काही आहे ते या डिस्कवर.

डिस्कवर चार प्रकारचा माल आहे. एक, भल्यामोठ्या वेव्ह फाइल्स, कॅसेटच्या एका बाजूची एक. यांची नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती, आता नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. दोन, विकतच्या सीडींवरून घेतलेल्या डब्ल्यूएमए, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या प्रकारातल्या फाइल्स. त्यातल्या काही वाजतात, काही लायसन्स मागतात. तीन, गावातल्या एका दुकानातून भरून आणलेली एमपीथ्री, सगळी १२८ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट, आकडा लहान तितका आवाज जास्त छाटलेला). चार, दिरांच्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेले अण्णांचे स्वतःचे अभंग, एएमआर फाइल्स. त्या माझ्या फोनवर उघडतच नाहीत.

मला हवंय ते असं: एक प्रत कायमची नीट राहावी. गाडीत पेनड्राइव्हवर वाजावं. अण्णांकडे मेमरी कार्डवाला छोटा स्पीकर आहे, त्यात फक्त एमपीथ्री चालतं. विंडोजचा लॅपटॉप आहे. ऑनलाइन कन्व्हर्टर वापरले तर चालतील का? आणि पुतणी म्हणते यूट्यूबवर टाकूया, ते बरोबर आहे का?

एक्सेलवाला:
एवढा विचार कशाला? सगळं ३२० केबीपीएस एमपीथ्री करा आणि मोकळे व्हा. कानाला काही फरक कळत नाही.

जुनी_डिस्क:
थांबा, असं काही करू नका.

सगळ्यात आधी कन्व्हर्ट-बिन्व्हर्ट बाजूला ठेवा. २००७ ची डिस्क अजून चालतेय हे नशीब. ती आहे तशी, एकही नाव न बदलता, नव्या डिस्कवर पूर्ण कॉपी करा. ती झाली की जुनी डिस्क कपाटात ठेवून द्या. पुढचं सगळं काम नव्या कॉपीवर.

आता स्वरूपाचं. वेव्हमध्ये आवाज जसाच्या तसा असतो, म्हणून जागा खातो. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज म्हणजे १४११ केबीपीएस. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, तिची फाइल साधारण ४७५ एमबी भरणार. फ्लॅक ही फाइल लहान करतं, पण त्यातलं काही टाकून देत नाही. उलगडली की मूळची वेव्ह अक्षरशः तशीच मिळते. साधारण निम्मी ते दोन तृतीयांश जागा लागेल. कॅसेटची खरखर जास्त असेल तर थोडी अधिक, कारण खरखर दाबली जात नाही. तेव्हा तुमच्या वेव्ह फाइल्स फ्लॅक करा. वेव्हमध्ये गाण्याची माहिती लिहिण्याची सोय धड नसते. फ्लॅकमध्ये देवनागरीत लिहिता येते. शिवाय फ्लॅकच्या पोटात मूळ आवाजाचा एक ठसा असतो, त्यावरून चार वर्षांनी फाइल खराब झालीय का ते तपासता येतं. मूळ डिस्कची प्रत हातात असताना वेव्ह पुसायची घाई करू नका.

एमपीथ्रीचं उलट आहे. कानाला सहसा ऐकू येत नाही असा भाग काढून टाकूनच ती फाइल लहान होते. गेलेला भाग परत येत नाही. १२८ ची फाइल ३२० ची करणं म्हणजे पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतणं. उलट दुसऱ्यांदा काटछाट होऊन आवाज आणखी बिघडतो. त्या १२८ वाल्या आहेत तशाच ठेवा, त्यांचं फ्लॅकही करू नका. वाजणाऱ्या डब्ल्यूएमएंनाही तोच नियम. गाडीला लागतील तेवढ्यांची एमपीथ्री प्रत काढा, मूळ ठेवा.

लायसन्स मागणाऱ्या डब्ल्यूएमएंच्या मागे लागू नका. त्या काळच्या काही प्लेअरांत सीडी कॉपी करताना ‘कॉपी प्रोटेक्ट’ची खूण लागलेली असायची, मग फाइल त्या एका कॉम्प्युटरशी बांधली जायची. तो कॉम्प्युटर गेला की किल्ली गेली. सीडी घरात असतील तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या फुकटच्या सॉफ्टवेअरने नव्याने घ्या, थेट फ्लॅकमध्ये.

ऑनलाइन कन्व्हर्टर नको. ४७५ एमबीची एकेक फाइल वर चढवायची, परत उतरवायची, मध्ये जाहिराती. शिवाय घरचं खासगी रेकॉर्डिंग कुठल्या सर्व्हरवर पडून राहील ते कळत नाही. फूबार२००० हा फुकटचा प्लेअर लॅपटॉपवर टाका. पूर्ण फोल्डर निवडून राइट क्लिक, कन्व्हर्ट. एमपीथ्रीसाठी त्याचा एन्कोडर पॅक वेगळा उतरवावा लागतो. एएमआरसाठी व्हीएलसी वापरून बघा, त्यातही कन्व्हर्टचा पर्याय आहे. पण त्यातून चमत्काराची अपेक्षा नको. एएमआर टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेलं, ८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग. आवाज फोनवरून आल्यासारखाच राहणार.

हळदीगाव:
खूप आभार. सीडी आहेत, ड्राइव्ह शेजारच्या मुलाकडे निघाला. कॉपी चालू आहे. नावांचं काय करू? आणि काही कॅसेट ऐकताना अण्णा म्हणतात, “ही पट्टी चढलीय.” मला काही कळत नाही.

तंबोरा:
अण्णांचा कान शाबूत आहे. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीच्या जवळचा, त्यामुळे या विषयात नाक खुपसतोच.

प्रत्येक टेपरेकॉर्डरचा वेग थोडा वेगळा असतो. रेकॉर्ड एकावर केलं, उतरवलं दुसऱ्यावर, की काळी एकचं गाणं पांढरी दोनला, म्हणजे पेटीच्या एका पट्टीने वर, जातं आणि लयही तेवढीच वाढते. अण्णांना विचारा, हे बुवा कुठल्या पट्टीत गायचे. मग तानपुऱ्याच्या अॅपवर ती पट्टी लावा आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ने (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) जुळवा. ‘चेंज पिच’ घेऊ नका, त्याने स्वर हलतो पण लय चुकीचीच राहते. हे सगळं प्रतीवर करा, मुख्य फ्लॅकवर नाही.

दुसरी गोष्ट, ‘नॉइज रिडक्शन’ जपून. खरखर काढायला गेलात तर ते सॉफ्टवेअर तानपुरा खातं. सतत एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे कचरा, अशी त्याची समजूत. ‘आ’ लावून गायलेला आकार ओल्या फडक्याखालून आल्यागत येतो. खरखर राहू द्या. अण्णांना तिची सवय आहे.

आणि मुख्य म्हणजे, फ्लॅक की एमपीथ्री याचा निर्णय तुम्ही पुढच्या वर्षीसुद्धा घेऊ शकता, फाइल कुठे जात नाही. पण हे कोण गातंय, तबल्यावर कोण, कुठल्या साली, कुणाच्या घरी, हे एकट्या अण्णांना माहीत आहे. आधी ते लिहून घ्या. फाइल लावा, आणि दुसऱ्या फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. ते “हा जोड राग, हा अमक्याचा शिष्य” असं सांगत जातील, त्यातून नंतर नावं टाका.

यूट्यूबबद्दल: घरात ऐकायला कुणाची ना नाही. पण सादरीकरणावर कलाकाराचा हक्क कायद्याने ५० वर्षं असतो. वारसांना विचारल्याशिवाय टाकू नका. बऱ्याचदा त्यांच्याकडेच ते रेकॉर्डिंग नसतं, तेव्हा एक प्रत दिलीत तर आनंदाने हो म्हणतील.

भडंगप्रेमी:
नावांबद्दल माझा अनुभव. ती चिन्हं म्हणजे जुन्या फॉन्टचं लिखाण, त्यात खरं देवनागरी नसतंच. फॉन्ट ओळखू आला तर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण थोड्याच फाइल्स असतील तर सरळ नव्याने टाइप करा. फाइलच्या आत गाण्याची माहिती (टॅग) लिहायचं ‘एमपीथ्रीटॅग’ हे सॉफ्टवेअर फ्लॅकलाही चालतं. आधी साल, मग कलाकार, मग राग, असा एकच क्रम ठेवा.

मुख्य प्रतीत देवनागरी. गाडीच्या प्रतीत मात्र नावं इंग्रजी अक्षरांत करा, बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओवर मराठी म्हणजे नुसते चौकोन. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या मांडणीत फॉरमॅट करा. पुष्कळ स्टिरिओ नावाप्रमाणे लावत नाहीत, ज्या क्रमाने फाइल्स कॉपी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून क्रमाने कॉपी करा आणि नावाआधी ०१, ०२ घाला.

आणि एक प्रत सांगलीबाहेर ठेवा हो. पुणे, सातारा, कुठेही. आपल्याकडे पाणी कधी येईल ते कृष्णामाईलाच ठाऊक.

एक्सेलवाला:
१२८ चं ३२० करायचं नाही हे मान्य. पण स्पीकरसाठी वेव्हवरून किती केबीपीएस करायचं, तेही सांगा की.

जुनी_डिस्क:
१९२ पुरे. ४५ मिनिटांची बाजू साधारण ६५ एमबीत बसेल. स्वस्त स्पीकरसाठी बिटरेट ‘कॉन्स्टंट’ ठेवा, बदलत्या बिटरेटमध्ये काही स्पीकर वेळ चुकीची दाखवतात किंवा मध्येच उडी मारतात. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं घ्या. त्याहून मोठी कार्डं बहुतेक एक्सएफएटी या नव्या मांडणीत येतात, ती असे स्पीकर वाचत नाहीत.

हळदीगाव:
अपडेट देते. डिस्क पूर्ण कॉपी झाली, एक प्रत नणंदेकडे साताऱ्याला जाईल. वेव्हचं फ्लॅक करणं फूबारने रात्रीत उरकलं. एका फाइलवर कुणाचंच नाव नव्हतं, अण्णांनी पहिल्याच आलापाला ओळखलं आणि वर त्या दिवशी कुणाचं तबलजीशी वाजलं होतं तेही सांगितलं. रेकॉर्ड केलंय, टॅगमध्ये मात्र घालणार नाही.

आता एकच अडचण. स्पीकर बंद करून परत लावला की ४५ मिनिटांची फाइल पहिल्यापासून सुरू होते. जेवायला उठले की अण्णांचं गाणं पुन्हा पहिल्यापासून. तुकडे करू म्हटलं तर, “ख्याल काय खवा आहे का कापायला?”

तंबोरा:
विलंबित (संथ भाग) संपून द्रुत (जलद भाग) सुरू होतं तिथे कापा. ऑडॅसिटीत तिथे लेबल टाका आणि लेबलप्रमाणे एकदम एक्स्पोर्ट करा, वेगवेगळ्या फाइल्स निघतात. एका बाजूवर ख्याल तुटून दुसऱ्या बाजूवर पुढे गेला असेल तर कापण्याआधी दोन्ही बाजू जोडून घ्या.

हळदीगाव:
विचारलं. द्रुतपाशी चालेल म्हणतात, पण कापायचं ते समेच्या अलीकडे, समेवर नाही, असा निरोप आहे.

तंबोरा:
बरोबर सांगतायत. समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीचा मुखडा, म्हणजे समेवर येणारी ओळ, दुसऱ्या फाइलीत जाऊ द्या.