सीलींचं नाव आणि लायब्ररीचं संगीत
'टीनेजर्स फ्रॉम आउटर स्पेस' या सिनेमाचं संगीत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमावरून ढापलंय असं कुणीतरी म्हटलंय, पण सालं बघा ना, पहिला १९५९ चा आणि दुसरा १९६८ चा. तुकडे तेच ऐकू येतात हे मात्र खरंय, कारण दोघांनीही कॅपिटल रेकॉर्ड्सच्या हाय-क्यू लायब्ररीतलं (म्हणजे कुठल्याही सिनेमात वापरता येईल असं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं) तयार संगीत उचललंय, कमी बजेटवाले तेव्हा सर्रास हेच करायचे.

आणि नुसत्या श्रेयनामावलीवर जाऊ नका. संगीतासाठी जॉन सीली (ही हाय-क्यू लायब्ररी सांभाळणारे) हे नाव दिसलं तर आधी लायब्ररीच तपासा, १९५८ ला वादकांचा संप होता, नवं संगीत रेकॉर्ड होईना, तेव्हा वॉर्नर ब्रदर्सच्या सहा कार्टूनवर पण त्यांचंच नाव लागलंय, पण हाय-क्यूमधले कितीतरी तुकडे बिल लूससारख्या लोकांनी रचलेले आणि पडद्यावर त्यांचा उल्लेखच नाही, याचं फार वाईट वाटतं.